हे केंद्राचं की राज्याचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला एका छोट्या कारखान्यात मी पगारपत्रकं बघतो, त्याआधी चार वर्षं एमपीएससीच्या नादात पॉलिटी, म्हणजे राज्यघटनेचा विषय, घासलीय, परीक्षा काही निघाली नाही पण तेव्हापासून घरचे, कारखान्यातले, गावाकडचे सगळे "हे केंद्राचं की राज्याचं रे" म्हणून मलाच धरतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून लिहून काढलं. क्रम वगैरे काही लावलेला नाही, ज्याला जे हवं ते वाचा.

फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स २०० ऐवजी ३०० कापलाय. अकाउंट्सवाल्यांची चूक का?

नाही हो. व्यवसाय कर राज्याचा, पण राज्याने तो किती घ्यायचा याला घटनेनेच झाकण लावलंय, कलम २७६, एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. आता २,५०० ला बाराने भागलं की २०८ रुपये ३३ पैसे येतात, ते दर महिन्याला कोण कापत बसणार, म्हणून महाराष्ट्राने अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असं करून बरोब्बर २,५०० गाठलेत (पगार महिन्याला १०,००० च्या वर असेल तर, महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे). ही लिमिट १९८८ पासून तीच आहे, तेव्हा २,५०० म्हणजे बऱ्यापैकी रक्कम होती, आणि आता वाढवायची म्हटली तरी राज्याच्या हातात नाही, संसदेत घटनादुरुस्तीच करावी लागते. त्याच स्लिपवर शेजारी टीडीएस बघा, तो इन्कम टॅक्स, म्हणजे केंद्राचा. एका चिठोऱ्यावर दोन सरकारं बसलीत. 'संघराज्य' हा शब्द मी चार वर्षं पाठ केला, पण नीट कळला तो ही ३०० ची भानगड निस्तरताना.

ही वाटणी लिहिलीय कुठे?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात. तीन याद्या. मूळ घटनेत केंद्राच्या यादीत ९७ विषय होते, राज्याच्या यादीत ६६ आणि दोघांच्या सामायिक म्हणजे समवर्ती यादीत ४७. नंतर थोडे इकडचे तिकडे झाले. सैन्य, रेल्वे, पासपोर्ट, नोटा, बँका, टेलिफोन, आयात-निर्यात हे केंद्राकडे. पोलीस, दवाखाने, जमीन, सातबारा, शेती, बाजार, दारू, ग्रामपंचायत-महापालिका हे राज्याकडे. शिक्षण, जंगल, वीज, लग्न-घटस्फोट, फौजदारी कायदे, कामगार हे दोघांकडे. आणि जे कुठल्याच यादीत सापडत नाही ते सगळं केंद्राला, कलम २४८. आपल्याकडे तराजू जरा दिल्लीकडे झुकलेला आहे तो असा. फाळणी नुकतीच झालेली, संस्थानं जोडायची होती, त्या काळात घटना लिहिली गेली, म्हणून मुद्दाम तसं केलं.

केंद्र म्हणायचं की संघ?

घटनेच्या पहिल्याच कलमात भारत म्हणजे 'राज्यांचा संघ' असं आहे, म्हणून काही लोक 'केंद्र' शब्दावर अडून बसतात. मराठीत सगळे केंद्रच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

समवर्ती यादीत दोघांनीही एकाच गोष्टीवर कायदा केला आणि दोन्ही जुळत नसतील तर कोणाचा चालतो?

केंद्राचा. पण एक खिडकी ठेवलीय, राज्याने आपला कायदा राष्ट्रपतींकडे पाठवून मंजुरी आणली तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो (कलम २५४). आपला मकोका, १९९९ चा, असाच राष्ट्रपतींच्या सहीने आलाय, म्हणून महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीला देशापेक्षा वेगळा कडक कायदा लागतो. अर्थात राष्ट्रपतींची सही म्हणजे व्यवहारात केंद्रीय गृहखात्याची मर्जी, हे लक्षात ठेवा. आणि संसदेला नंतर कधीही वाटलं तर ती पुन्हा कायदा करून ही खिडकी बंद करू शकते.

राज्याचा विषय केंद्र काढून घेऊ शकतं का?

घेऊ शकतं, घेतलेलाही आहे. १९७६ ला आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा शिक्षण, जंगल, वन्यप्राणी, वजनमापं आणि कोर्टांचा कारभार असे पाच विषय राज्याच्या यादीतून उचलून समवर्तीत टाकले. आज मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेवरून पोरांचं आणि आईबापांचं डोकं फिरतं त्याची मुळं तिथे आहेत.

बाकीचे रस्तेही आहेत. राज्यसभेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केला तर संसद राज्याच्या विषयावर तात्पुरता कायदा करू शकते. परदेशाशी करार केला तर तो पाळायला कुठल्याही विषयावर कायदा करू शकते. आणि सगळ्यात वापरातला रस्ता म्हणजे शब्दांची कसरत. २०२० चे तीन शेती कायदे आठवा, शेती आणि बाजार राज्याचे, मग केंद्राने कायदे केले कसे, तर समवर्ती यादीतल्या ३३ व्या नोंदीत अन्नधान्याचा 'व्यापार' आहे, तो धागा पकडला. कायदे २०२१ मध्ये मागे घेतले म्हणून हा वाद कोर्टात शेवटपर्यंत लढला गेला नाही, मला वाटतं जायला हवा होता, एकदाचं स्पष्ट झालं असतं.

कांद्याचा भाव पडला तर शिव्या कोणाला द्यायच्या, मुंबईला की दिल्लीला?

आमचं गाव निफाड तालुक्यात आहे त्यामुळे हा प्रश्न मला जेवताना विचारला जातो. जरा लांबण लागेल.

कांदा शेतात आहे तोवर राज्याचा. शेतीपंपाची वीज महावितरणची, कालव्याचं पाणी राज्याचं, पीक पंचनामा करणारा तलाठी राज्याचा. पण खताची सबसिडी केंद्राची. कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला आणला की बाजार समितीच्या आवारात, ती १९६३ च्या राज्याच्या कायद्याने चालते, लिलाव कसा, आडत किती, हमालांचं काय, सगळं राज्याचं. आता व्यापाऱ्याने तो घेतला आणि बांगलादेश, मलेशिया, दुबईला पाठवायचं ठरवलं की तिथून पुढे केंद्र, कारण परदेश व्यापार केंद्राच्या यादीत आहे. व्यापाऱ्याने तो गोडाऊनमध्ये ठेवला तरी केंद्रच, जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे, त्यातून साठ्यावर मर्यादा घालता येते.

म्हणजे पिकवायची जबाबदारी एकाकडे आणि भावाची मूठ दुसऱ्याकडे. २०२३ मध्ये काय झालं ते क्रमाने बघा. फेब्रुवारीत भाव पार मातीत गेले, तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, म्हणजे नुकसानीवर पट्टी राज्याच्या तिजोरीतून. मग पाऊस लांबला, भाव चढायला लागले, तर १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. लाल कांदा नुकताच मार्केटला यायला लागला होता. माझा दादा ट्रॅक्टर घेऊन लायनीत उभा होता, मोबाईलवर बातमी फिरली आणि पुढच्या ट्रॅक्टरची बोली आदल्या दिवशीच्या भावाच्या जवळपाससुद्धा जाईना, लोकांनी लिलावच बंद पाडले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच, शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

केंद्राची बाजूही सांगतो नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. त्यांना दिल्ली-कोलकात्याला भाजी घेणारी बाई पण सांभाळायची असते, कांदा महागला तर सरकारं पडतात हा आपल्या देशाचा अनुभव आहे. पण मग त्या बाईची स्वस्ताई निफाडच्या शेतकऱ्याने का भरायची, याचं उत्तर कुठल्याच यादीत नाही. तर शिव्यांचा हिशोब असा: मार्केटमधल्या कटकटी, अनुदान उशिरा, वीज रात्री, हे मुंबई. भाव अचानक एका दिवसात कोसळला तर बहुतेक वेळा दिल्ली. २०२४ च्या लोकसभेला आमच्या दिंडोरीत केंद्रातल्या विद्यमान राज्यमंत्री हरल्या, लोकांना यादी पाठ नसली तरी बटण कुठलं दाबायचं ते कळतं.

महाराष्ट्र एवढा टॅक्स देतो, परत काय मिळतं?

केंद्र जे कर गोळा करतं त्यातला वाटण्याजोगा भाग वेगळा काढतात आणि दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग (कलम २८०) सांगतो की त्यातलं राज्यांना किती आणि कोणत्या राज्याला किती. १३ व्या आयोगाने ३२ टक्के सांगितले होते, १४ व्याने एकदम ४२ केले, १५ व्याने ४१, कारण जम्मू-काश्मीर राज्य उरलं नव्हतं. १५ व्या आयोगाने त्या ४१ मधला ६.३१७ टक्के हिस्सा महाराष्ट्राला दिला आणि १७.९३९ टक्के उत्तर प्रदेशला. सोप्या भाषेत, १०० रुपयांतले साधारण २ रुपये ६० पैसे आपल्याला आणि ७ रुपये ३५ पैसे यूपीला. १ एप्रिल २०२६ पासूनचा काळ १६ व्या आयोगाचा, अरविंद पानगढिया त्याचे अध्यक्ष.

हे ऐकून लगेच चिडू नका, दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सूत्रात ४५ टक्के वजन 'उत्पन्नातलं अंतर' याला होतं, म्हणजे जे राज्य जितकं गरीब त्याला तितकं जास्त, आणि हे तत्त्व चुकीचं नाही, गडचिरोली आणि पुण्यात आपणही हेच करतो किंवा करायला हवं. दुसरं, मुंबईतून भरला जाणारा सगळा टॅक्स मुंबईत कमावलेला नसतो, कंपनीचा कारखाना झारखंडात आणि हेड ऑफिस नरिमन पॉइंटला असेल तर टॅक्स मुंबईचा दिसतो.

खरी चिडायची गोष्ट वेगळी आहे, सेस आणि सरचार्ज, म्हणजे मूळ करावर वरून लावलेले जादा कर. हे दोन वाटणीच्या भांड्यात पडतच नाहीत, पूर्ण केंद्राकडे राहतात. म्हणजे कराचा दर वाढवला तर ४१ टक्के राज्यांना द्यावे लागतात, तोच पैसा सेस म्हणून घेतला तर एक रुपया द्यावा लागत नाही. मग तुम्ही दिल्लीत बसले असता तर काय केलं असतं?

जीएसटी कोण ठरवतं? आणि पेट्रोल त्यात का नाही?

१ जुलै २०१७ पासून दोघांनी आपापले बरेच कर मोडून एक केला आणि ठरवायला जीएसटी कौन्सिल बसवलं. त्यात केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात. गणित करून बघा, केंद्र नको म्हणालं तर काहीच पास होत नाही आणि बरीच राज्यं एकत्र आली तर केंद्राचंही होत नाही. शिवाय सिक्कीमचं मत आणि महाराष्ट्राचं मत सारखंच. बहुतेक सगळं एकमताने चालतं, मतदान पहिल्यांदा झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, तेही कशावर, लॉटरीच्या कराच्या दरावर. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कौन्सिलच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, पण ते धाडस अजून कोणी फारसं करत नाही.

पेट्रोल, डिझेल आणि प्यायची दारू बाहेर ठेवलीय कारण राज्यांकडे स्वतःच्या हाताने दर फिरवता येतील असे मोठे नळ फार थोडे उरलेत, त्यांतले हे. सावंतवाडी-बांद्याची माणसं टाकी फुल करायला पत्रादेवीच्या पलीकडे जातात ती यामुळेच, गोव्याचा व्हॅट कमी. विरोधी पक्षात असताना प्रत्येक जण म्हणतो पेट्रोल जीएसटीत आणा, सत्तेत आला की विसरतो, पक्ष कुठलाही घ्या. आणि जकात गेली तेव्हा मुंबई महापालिकेचा मोठा उत्पन्नाचा झरा आटला, त्याची भरपाई राज्य देतं, म्हणजे केंद्रावर राज्य अवलंबून तसं राज्यावर महापालिका, हीच साखळी खाली उतरते.

गोव्यातून येताना इन्सुलीला गाडी तपासतात. देश एक आहे ना?

देश एक, दारू मात्र राज्याची. दारू बनवणं, विकणं, बाळगणं, त्यावर कर लावणं, सगळं राज्याच्या यादीत, म्हणून नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले डिकी उघडायला लावतात. देशभर मुक्त व्यापार असं घटनेत आहेच, पण दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने आधीच सांगून ठेवलंय. आणि राज्याच्या आतही एकच नियम नसतो, वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी, चंद्रपूरला २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली.

लोकलमध्ये मोबाईल मारला. रेल्वे केंद्राची, मग तक्रार केंद्राच्या पोलिसांकडे?

नाही, लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे जीआरपी. प्लॅटफॉर्मवर दोन प्रकारचे खाकीवाले दिसतात त्याचं कारण हेच. आरपीएफ रेल्वेचं, काम मुख्यतः रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा. जीआरपी राज्याचे, कारण राज्याच्या यादीत 'पोलीस, रेल्वे पोलिसांसह' असं स्पष्ट लिहिलंय. रूळ दिल्लीचे पण त्यावर झालेली चोरी मुंबईची.

मग सीबीआय कशी काय येते?

राज्याच्या संमतीने. सीबीआय १९४६ च्या कायद्यावर चालते आणि राज्यात तपास करायला राज्याची परवानगी लागते. बहुतेक राज्यं एक सरसकट परवानगी देऊन ठेवतात. महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली, सरकार बदललं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तर मात्र संमती लागत नाही. आणि एनआयए, म्हणजे दहशतवादाचा तपास करणारी केंद्राची यंत्रणा, वेगळी, ती २६/११ नंतर २००८ च्या कायद्याने आली, तिला राज्याला विचारायची गरजच नाही. एल्गार परिषदेचा तपास पुणे पोलिसांकडून जानेवारी २०२० मध्ये एनआयएकडे गेला तो असाच, राज्यात सरकार नुकतं बदललेलं असताना.

मेट्रोच्या कारशेडचं भांडण नक्की काय होतं?

हे म्हणजे सातव्या परिशिष्टाचं प्रॅक्टिकल. मुंबईच्या मेट्रो तीनची कंपनी केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने ठरवलं कारशेड आरेत नको, कांजूरमार्गला, आणि कलेक्टरने तिथली १०२ एकर जमीन एमएमआरडीएला, म्हणजे राज्याच्या मुंबई विकास प्राधिकरणाला, दिली. केंद्र म्हणालं ही जमीन मिठागराची, मीठ आमचं. राज्य म्हणालं जमीन हा आमचा विषय. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने काम थांबवलं. २०२२ ला सरकार बदललं, कारशेड परत आरेत गेलं, आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मालक दोन असले आणि दोघांचं पटत नसलं की भाडेकरूचं जे होतं ते मुंबईकरांचं झालं.

कलेक्टर कोणाचा माणूस?

निवड आणि नेमणूक केंद्राची, केडर महाराष्ट्राचं, पगार आणि बदली राज्याची, पण नोकरीतून काढायचं तर पुन्हा केंद्र. दोन सासवांची सून म्हणा.

राज्यपालांचं काम काय असतं नक्की?

कागदावर राज्याच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणं. पण नेमतं त्यांना केंद्र, कधीही बदलतं केंद्र, त्यामुळे मुंबईत आणि दिल्लीत वेगवेगळे पक्ष असले की राजभवन (आता नाव लोकभवन) तापतं. आपल्याकडचं उदाहरण, नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी १२ नावं पाठवली, राज्यपालांनी हो नाही आणि नाही पण नाही, हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे, तरी सरकार पडेपर्यंत ती फाईल तशीच. नंतर मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की २०२२ ला राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं बरोबर नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही. निकाल वाचून दोन्ही बाजूंनी पेढे वाटले.

विधेयकं अडकवून ठेवायचाही वाद आहे. तमिळनाडूच्या केसमध्ये एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने राज्यपालांना मुदत घालून दिली होती, नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने मत दिलं की कोर्टाला अशी मुदत घालता येत नाही, पण राज्यपालांना अनंतकाळ बसूनही राहता येत नाही. मुदत नाही आणि अनंतकाळही नाही, मग मधलं किती, ते तुम्हीच ठरवा.

राष्ट्रपती राजवट महाराष्ट्रात किती वेळा लागली?

तीनदा. फेब्रुवारी १९८० ला शरद पवारांचं पुलोद आघाडीचं सरकार बरखास्त करून, २०१४ ला २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, आणि २०१९ ला १२ ते २३ नोव्हेंबर, जी पहाटे ५:४७ ला उठवली, तो पहाटेचा शपथविधी सगळ्यांना आठवतच असेल. डॉ. आंबेडकर घटना समितीत म्हणाले होते की हे कलम, म्हणजे ३५६, वापरायची वेळच येऊ नये, नुसतं कागदावर राहावं. प्रत्यक्षात देशात शंभराहून जास्त वेळा वापरलं. १९७७ ला जनता पक्षाने एका फटक्यात नऊ राज्यांतली सरकारं घालवली, १९८० ला इंदिरा गांधींनी नऊ घालवून फिट्टमफाट केली. सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर लगाम बसला, बहुमत आहे की नाही ते विधानसभेतच मोजायचं, राजभवनात नाही.

मराठा आरक्षण राज्याने दिलं तर दिल्लीचा संबंध काय?

मागास कोण हे ठरवायचा हक्क कोणाचा, हा संबंध. २०१८ ला केंद्राने १०२ वी घटनादुरुस्ती केली, तिचा अर्थ सुप्रीम कोर्टाने ५ मे २०२१ ला असा लावला की मागासांची यादी आता फक्त राष्ट्रपती काढू शकतात, राज्य नाही. ओरड झाली, ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती करून हक्क राज्यांना परत दिला. ५० टक्क्यांच्या मर्यादेचा मुद्दा मात्र वेगळा, तो तसाच आहे.

पहिलीपासून हिंदी केंद्राने लादली का?

२०२५ च्या एप्रिल आणि जूनमधले दोन्ही जीआर राज्य सरकारचे होते, २९ जूनला मागेही राज्यानेच घेतले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन भाषा आहेत पण त्यातली एक हिंदीच हवी असं नाही. तमिळनाडूला वेगळा अनुभव आलाय, तिथे केंद्राची योजना स्वीकारली नाही म्हणून शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेचे पैसे अडले. समवर्ती यादीत कायद्यापेक्षा निधीचं बटण जास्त कामाला येतं ते असं.

बेळगावचा निर्णय कोण घेऊ शकतं?

कलम ३ प्रमाणे संसद, साध्या बहुमताने. राज्याच्या विधानसभेचं मत विचारतात, पण ऐकावंच असं नाही, २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने नको म्हटलं तरी तेलंगणा झालंच. आपला मुंबईसह महाराष्ट्रही संसदेच्या कायद्यानेच १ मे १९६० ला झाला, मोर्चे आणि हुतात्मे त्याआधी. १९५६ ला बेळगाव आजच्या कर्नाटकाकडे गेलं, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो आपल्याला मान्य नाही, २००४ ला महाराष्ट्र कलम १३१ खाली सुप्रीम कोर्टात गेला आणि तारखा पडतायत. तोवर कर्नाटकाने बेळगावात विधानसौध बांधून अधिवेशनं सुरूसुद्धा केली. माझं मत विचाराल तर कोर्ट सीमा आखून देईल ही आशा कमीच, संसदेत कोणी हात घालायला तयार नाही, कारण दोन्ही राज्यांत मतं आहेत.

नदीच्या पाण्याचं भांडण सुप्रीम कोर्टात का जात नाही?

कलम २६२ आणि १९५६ च्या कायद्याने ते लवादाकडे जातं. कृष्णेचं बच्छावत लवादाने वाटलं, महाराष्ट्र ५६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), कर्नाटक ७००, आंध्र ८००. म्हादईचा निवाडा ऑगस्ट २०१८ चा, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी. कोणीही खूश नाही, आणि एवढं करून लोक वाकड्या वाटेने शेवटी सुप्रीम कोर्टात पोचतातच. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायची कर्नाटकाची तयारी आहे आणि २०१९ चा पूर बघितलेल्या सांगली-कोल्हापूरकरांच्या पोटात गोळा येतो. धरणात तुंबलेल्या पाण्याच्या फुगवट्यामुळेच पूर आला का, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

राज्याचं बघून केंद्र कधी काही शिकलंय का?

शिकलंय की. रोजगार हमी आपली, वि. स. पागे यांच्या डोक्यातली, १९७२ च्या दुष्काळात सगळीकडे पसरली, १९७७ ला राज्याने कायदा केला आणि २००५ ला तीच कल्पना देशभर नरेगा म्हणून गेली. माहितीचा अधिकारही महाराष्ट्रात २००२ ला होता, केंद्राचा २००५ चा. गंमत पुढे आहे, नरेगाच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा आला, १०० ऐवजी १२५ दिवस, पण बहुतेक राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचाय, आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता. आपलंच पोर मोठं होऊन घरी आलं आणि खर्चाला पैसे मागायला लागलं.

आमच्या गावचा रस्ता खड्ड्यात गेलाय. कोणाला धरू?

आधी किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, केंद्राचा. हिरवं असेल तर राज्य महामार्ग, पीडब्ल्यूडीकडे जा. भगवं असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडकचा. पिवळ्यातही घोळ असतो, मुंबई-गोवा हायवेचं पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्याच्या पुढचं काम केंद्राच्या पैशाने राज्याच्या पीडब्ल्यूडीकडे, म्हणून गणपतीला जाताना कोणावर चिडायचं ते किलोमीटरप्रमाणे बदलतं.

भगव्यात पैसे केंद्र-राज्य ६०:४०, काम राज्याच्या यंत्रणेचं. पण रस्त्याच्या सुरुवातीला बोर्ड असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि पाच वर्षं देखभाल कधीपर्यंत ती तारीख लिहिलेली असते. आमच्या फाट्यावरच्या बोर्डावर वेल चढली होती, ती बाजूला केली तर देखभालीचे अजून चौदा महिने बाकी निघाले. बोर्डाचा फोटो अर्जाला जोडा, पोच घ्या.